तापलेल्या दिव्याखाली सासूबाई

रंगमास्तरांनी सकाळीच जाहीर करून टाकलं, की संध्याकाळी डॉक्टर येतील, सासूबाईंच्या चेहऱ्याकडे एकदा बघतील आणि दोन मिनिटांत सही ठोकून जातील.

"माणूस दिसायलाच ठणठणीत दिसला की डॉक्टरचं निम्मं काम तिथंच संपतं," ते म्हणाले. "आणि दिसण्याची जबाबदारी माझी."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "आई ठणठणीतच आहे," ती म्हणाली. "तिला दिसायला तुमची मदत कशाला?"

पण मदत करू नका म्हटल्यावर गप्प बसतील तर ते रंगमास्तर कसले! हा माणूस एका दिव्यांच्या कारखान्यात रंगतपासणीचा प्रमुख. बावीस वर्षं पांढरे दिवे बघून बघून त्यांचा डोळा असा तयार झालाय, की शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन दिव्यांतला केसभर फरकही त्यांना यंत्राच्या आधी कळतो. निदान ते तसं सांगतात. कारखान्यात म्हणून त्यांना रंगमास्तर म्हणतात, आणि घरी याचा फायदा एवढाच, की कुठला टॉवेल किती मळलाय हे बायकोला रोज फुकट ऐकायला मिळतं.

आता या पांढऱ्या दिव्याची एक गंमत तुम्हाला सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. हा दिवा मुळात पांढरा नसतोच. आतला इवलासा तुकडा निळा उजेड देतो. त्याच्यावर फॉस्फरच्या पुडीचा लेप असतो, पिवळी पूड आणि थोडी तांबूस. ही पूड निळ्यातला बराचसा उजेड गिळते आणि त्याच्या बदल्यात पिवळा-तांबडा बाहेर टाकते. सगळं एकत्र झालं की आपल्या डोळ्यांना पांढरं दिसतं. पूड नीट काम करते तोवर सगळं छान. पण तिला उष्णता सोसत नाही. दिवा फार तापला की पूड आळसावते, अंग चोरते, आणि मग आतला निळा उघडा पडायला लागतो. हे रंगमास्तरांना माहीत नव्हतं असं नाही. पाठ होतं. पण त्यांच्या विभागात दिवा लावायचा, पापणी लवायच्या आत त्याचा रंग मोजायचा आणि विझवायचा अशी पद्धत. दिवा तापायला वेळच मिळत नाही. बावीस वर्षांत त्यांनी लाखो दिवे पाहिले, पण एकही दिवा बसून तासभर पाहिला नव्हता.

तासभर बघायचं काम शेजारच्या खोलीत भट्टीबाई करायच्या. त्या दिवे भट्टीत घालून शेकत बसत आणि दर तासाला कागदावर काहीतरी लिहीत. रंगमास्तरांना त्या कामाचं हसू यायचं. "लोक काय भट्टीत बसून पुस्तक वाचणार आहेत का?" असं ते जेवणाच्या सुट्टीत चारचौघांत विचारायचे. भट्टीबाई उत्तर द्यायच्या नाहीत. डबा संपवायच्या, उठून जायच्या. मध्यंतरी एका नव्या तांबूस पुडीचा नमुना आला तेव्हा मात्र त्या आपणहून म्हणाल्या होत्या, "मास्तर, ही पूड गार असताना गोड दिसते. तापल्यावर बघा एकदा."

मास्तरांनी बघितलं नाही. गार असतानाच ते तिच्या प्रेमात पडले होते. त्या उजेडात माणसाची कांती अशी काही खुलून दिसे, की विचारू नका. तुमच्या-माझ्यासारख्यांचेही गाल टवटवीत! कारखान्याने नमुना नाकारल्यावर त्यांनी रीतसर परवानगी काढून ते दिवे घरी आणले आणि दिवाणखान्यासाठी स्वतःच्या हातानं एक झुंबरवजा पेटी बनवली. दिव्यांच्या पाठीवर उष्णता बाहेर टाकायला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्या बायकोला आवडल्या नाहीत. छताला मोटारीचं इंजिन टांगल्यासारखं दिसतंय, म्हणाली. मग त्यांनी सगळं लाकडी पेटीत बंद केलं. किडे जाऊ नयेत म्हणून फटी बुजवल्या. धूळ जाऊ नये म्हणून खाली जाड काच चिकटवली. पेटी खडखडू नये म्हणून वर कापूसही दाबून बसवला. थोडक्यात, दिवा त्यांनी रजईत गुंडाळला.

आणि त्याची परीक्षा घेतली ती कारखान्यातल्यासारखीच. लावला, पाहिला, वा म्हणाले, विझवला. पाहुणे आले की लावायचा, "पाहा" म्हणायचं, विझवायचा. रोज वापरू दिला नाही. खास दिवसासाठी राखून ठेवला होता, आणि तो खास दिवस आज उजाडला होता.

कारण असं, की सासूबाईंची धाकटी मुलगी परदेशात असते. लग्नाला बारा वर्षं झाल्यावर तिला मूल झालं होतं. मुलगी झाली हे फोनवर कळल्यापासून सासूबाईंनी दुसरा विषय काढला नव्हता. वय चौऱ्याहत्तर, पण चालण्यात आपल्याला मागे टाकतील. त्या जाणार, आणि सोबतीला रंगमास्तर जाणार, असं मास्तरांनी ठरवूनही टाकलं होतं. आडवे आले ते थोरले मेहुणे, म्हणजे बायकोचे दादा. मागच्या हिवाळ्यात आईला आठ दिवस ताप येऊन गेला होता, तेवढं त्यांना पुरलं. "चौदा तासांचा विमानप्रवास आहे," ते म्हणाले, "वर काही झालं तर कोण बघणार? डॉक्टरांनी लिहून दिलं तर जा. नाही दिलं तर हा विषय बंद." मेहुणे एकदा असं म्हणाले की घरात त्यावर अपील नसतं.

म्हणून संध्याकाळी सहाला डॉक्टर घरी येणार होते.

साडेपाचलाच मास्तरांनी दिवा लावला. सासूबाईंना नेमकं त्याच्या खाली खुर्चीत बसवलं, खुर्ची वीतभर डावीकडे सरकवली, पुन्हा उजवीकडे सरकवली. काय सुरेख दिसत होत्या सासूबाई! गाल तर असे, की आत्ताच कुठून तरी धावत आल्यासारखे.

"जावईबापू, मी काय फोटो काढायला बसलेय का?"

"हलू नका फक्त."

सहा वाजले. डॉक्टर आले नाहीत. मास्तर खिडकीशी गेले, दाराशी गेले, जिन्यात डोकावले, परत आले. सव्वासहाला मेहुणे आले आणि सोफ्यावर हाताची घडी घालून बसले. साडेसहाला डॉक्टरांचा निरोप आला, दवाखान्यात गर्दी आहे, उशीर होईल. मास्तरांनी घड्याळ पाहिलं, मग भिंतीवरचं पाहिलं, मग मेहुण्यांच्या मनगटावरचं वाकून पाहिलं.

"बसा की जरा," मेहुणे म्हणाले.

"बसलोच आहे," मास्तर उभ्यानं म्हणाले.

दिवा विझवावा असं मात्र त्यांच्या मनातही आलं नाही. डॉक्टर दारात आले आणि नेमका तेव्हा अंधार असला तर? आणि पेटीत ते दिवे आपापल्या उष्णतेत मुकाट्यानं शिजत होते.

सव्वासात झाले असतील. मास्तरांची येरझार सासूबाईंसमोर येऊन थांबली. ते वाकले. डोळे बारीक केले.

"सासूबाई," ते म्हणाले, "तुमचे ओठ असे का दिसतायत?"

"कसे?"

"निळसर."

बस्स, हा एक शब्द! मेहुणे ताडकन उठले. त्यांनी आईचा चेहरा हनुवटीला धरून वर केला. गालांवरची लाली कुठल्या कुठे गेली होती. ओठ जांभळट, डोळ्यांखाली राखाडी सावली.

"मी म्हटलं होतं," मेहुणे म्हणाले. "मी दोन महिने हेच सांगतोय."

"अरे, मला काही होत नाहीये," सासूबाई म्हणाल्या.

"काही होत नाहीये असंच वाटतं सुरुवातीला."

ज्या डोळ्याचा त्यांनी आयुष्यभर डंका पिटला, त्या डोळ्यानंच घात केला होता. आणि गंमत बघा, बाकी खोलीत त्यांना काहीच वेगळं दिसेना. भिंत पांढरी होती ती पांढरीच. दिवा तर काय, त्यांचाच! त्यावर संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता.

तेवढ्यात डॉक्टर आले. घाईत होते. त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं आणि बॅग हळूच खाली ठेवली, तेव्हाच मास्तर ओळखून चुकले, की दोन मिनिटांचं काम आता राहिलं नाही. डॉक्टरांनी नाडी पाहिली. उत्तम. छाती तपासली, स्वच्छ. रक्तदाब तरण्याताठ्या माणसाला शोभेल असा. बोटाला प्राणवायूचा चिमटा लावला, तर आकडा सत्त्याण्णव.

"यंत्र बिघडलंय," मेहुणे म्हणाले.

डॉक्टरांनी चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. सत्त्याण्णव. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या नखांकडे गेलं. ती त्यांनी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि दोन्ही हात खिशात घातले.

"आकडे सगळे बरोबर आहेत," ते जरा वेळानं म्हणाले. "पण रंग बरोबर नाही. आजी, दम लागतो का?"

"तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे असे बघायला लागल्यापासून लागतो," सासूबाई म्हणाल्या. "थांबा, घसा सुकला असेल तुमचा. पाणी आणते."

त्या उठल्या आणि तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. डॉक्टर मागोमाग गेले, पेशंट पडला तर धरायला. स्वयंपाकघरात जुना पिवळा बल्ब होता. त्या बल्बाखाली सासूबाई वळल्या, तर काय! गाल लाल, ओठ लाल, चेहरा टवटवीत. डॉक्टर बघतच राहिले. त्यांनी त्यांना परत दिवाणखान्यात आणून खुर्चीत बसवलं. रंग उतरला. पुन्हा स्वयंपाकघरात चालवत नेलं. रंग आला. आणलं, गेला. नेलं, आला. चौथ्या फेरीला सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, एकदाचं ठरवा, मला पाणी आणायचंय की नाही?"

डॉक्टरांनी ठरवलं. शास्त्राप्रमाणेच ठरवलं, त्यांचा काही दोष नाही.

"मला स्पष्ट दिसतंय," ते म्हणाले. "चालल्या की रक्ताभिसरण छान होतं. बसल्या की रंग उतरतो. असं मी आजवर पाहिलेलं नाही, पण दिसतंय ते असं आहे. म्हणजे यांनी फार वेळ एका जागी बसणं बरं नाही."

"विमानात चौदा तास बसावं लागतं," मेहुणे लगेच म्हणाले.

"तेच म्हणतोय मी." आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

सासूबाई त्या दिव्याखाली बसून पेनाकडे बघत होत्या. मघापासून त्या चेष्टा करत होत्या, ती थांबली. "मला तिथं राहायचं नव्हतं हो," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "पोरीला एकदा मांडीवर घेतली असती आणि आले असते परत."

बायकोनं तोंड फिरवलं. मास्तरांना भडभडून आलं. आपण निळसर म्हणालो नसतो तर म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याला हे आलं नसतं, हे त्यांना सहन होईना. ते सरळ बाल्कनीत गेले. या घटकेला माणूस देवाला आठवेल, मोठ्या दवाखान्यातल्या ओळखीच्या डॉक्टरला फोन करेल. यांनी कुणाला करावा? भट्टीबाईंना! रंग कशानं उतरतो हे विचारायला दुनियेत त्यांच्या ओळखीचं दुसरं माणूसच नव्हतं.

"बाई, सासूबाई निळ्या पडल्यात."

भट्टीबाईंनी पलीकडून विचारलं, "दिवा किती वेळ चालू आहे?"

"दिव्याचं काय घेऊन बसलात? माणूस निळं पडलंय इथं."

"किती वेळ चालू आहे, मास्तर?"

"साडेपाचपासून."

"ती नमुन्याची पूड? बंद पेटीत?"

मास्तरांनी फोनवरच मान हलवली.

"वर कापूसबिपूस भरलाय का?"

मास्तरांनी आणखी एकदा हलवली.

"तांबूस पूड आधी मान टाकते," बाई शांतपणे म्हणाल्या. "तांबडं गेलं की ओठ निळेच दिसणार. तुमचेपण दिसत असतील. आरशात बघा आणि दिवा विझवा."

"पण मग मला कळलं कसं नाही? माझा डोळा—"

"हळूहळू बदललं की डोळ्याला सवय होते, मास्तर. कुणाच्याही. म्हणून आम्ही दर तासाला लिहून ठेवतो." आणि त्यांनी फोन ठेवला. जेवत होत्या बहुतेक.

मास्तरांनी बाल्कनीच्या काचेतून आत पाहिलं. बाहेरून आत बघितल्यावर ती सगळी मंडळी त्यांना पहिल्यांदा धड दिसली. पाच मिनिटांपूर्वी जी खोली पांढरी होती, तिथं आता चार निळी-करडी माणसं बसली होती. डॉक्टरांचा पेन कागदावर टेकला होता.

आता खरी पंचाईत. गप्प राहावं तर सासूबाईंचा प्रवास बुडतो. बोलावं तर बावीस वर्षांचा डोळा बुडतो, आणि तोही मेहुण्यांसमोर! मास्तरांचा हात दाराच्या कडीवर गेला, मागे आला, पुन्हा गेला. शेवटी ते आत शिरले आणि एका दमात म्हणाले, "लिहू नका. सासूबाई बऱ्या आहेत. माझा दिवा आजारी आहे."

कुणाचाही विश्वास बसला नाही.

"या दिव्यासारखा दिवा जगात नाही, असं गेले दोन महिने ऐकतोय आम्ही," मेहुणे म्हणाले. "आणि आज अचानक तो आजारी?"

"त्याला ताप आलाय," मास्तर काकुळतीला येऊन म्हणाले. "खरंच सांगतो. तुम्ही स्वतःचे हात बघा."

मेहुण्यांनी हात बघितले. मग बहिणीचा चेहरा बघितला, मग डॉक्टरांचा. डॉक्टरांनी तर खिशातून हात बाहेर काढून नखं सगळ्यांसमोर धरली, आणि त्यांचा असा काही सुस्कारा सुटला, की मघापासून या माणसानं मनात काय काय सोसलं असेल ते सगळ्यांना कळलं.

"स्वयंपाकघरात चला," डॉक्टर म्हणाले. "सगळे."

दोन माणसांच्या स्वयंपाकघरात पाच माणसं शिरली. जुन्या बल्बाखाली सगळेच एकदम निरोगी झाले. डॉक्टरांनी सासूबाईंना ओट्याजवळ स्टुलावर बसवलं, घड्याळ लावलं आणि सांगितलं, आता वीस मिनिटं हलायचं नाही. मेहुणे फ्रीजला टेकून पहारा देत राहिले. पाच मिनिटं झाली, रंग तसाच. दहा झाली. सासूबाईंनी बसल्या बसल्या कोथिंबीर निवडायला घेतली.

मास्तरांना मात्र दम कुठला! ते बाहेर सटकले. दिवा विझवला, स्टुल नव्हतं म्हणून खुर्चीवर चढले, आणि पुरावा म्हणून पेटी उघडायला गेले. काचेला हात लावला आणि अशी काही किंकाळी फोडली, की स्वयंपाकघरातून तिघं धावत आली. सासूबाई मात्र हलल्या नाहीत. वीस मिनिटं व्हायची होती.

ती झाली. डॉक्टरांनी पुन्हा सगळं तपासलं आणि ओट्यावरच कागद ठेवून लिहून दिलं, प्रवासास पूर्णपणे योग्य. मेहुण्यांनी तो कागद दोनदा वाचला. मग त्यांनी आईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "जा. पण पोहोचल्याबरोबर फोन कर." सासूबाईंनी डोळे पुसले आणि कोथिंबिरीच्या काड्या एका बाजूला सारल्या. त्या वेळी त्यांच्या तोंडावर जो रंग होता तो कुठल्याही पुडीचा नव्हता, हे मास्तरांनीही मान्य केलं.

"चला, जमलं," मास्तर भाजलेली बोटं नळाखाली धरून म्हणाले. "सासूबाई, खिडकीची जागा तुम्हाला. विमानातले दिवे कसे असतात ते मी तुम्हाला वाटेत सगळं समजावून सांगतो. चौदा तास आहेत आपल्याकडे."

डॉक्टर बोटांना मलम लावत होते. ते थांबले आणि मास्तरांच्या तोंडाकडे बघायला लागले.

"बरोबर तुम्ही जाणार आहात?"

"मीच."

"बसा जरा."

"बसलोच आहे," मास्तर म्हणाले. यावेळी डॉक्टरांनी त्यांना खांद्याला धरून खरोखर बसवलं आणि दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. फुस्स फुस्स झालं. डॉक्टरांनी आकडा वाचला. पट्टा सोडला, पुन्हा गुंडाळला, पुन्हा वाचला.

"एकशे ऐंशी," ते म्हणाले. "तुम्हाला कुठंही पाठवणार नाही मी. महिनाभर गोळ्या, आणि कटकट कमी."

"अहो, हा बल्ब जुना आहे. याच्या उजेडात मी मुद्दाम लाल दिसतोय."

"मी उजेडात नाही वाचलं. पट्ट्यावर वाचलं."

मास्तरांनी आळीपाळीनं सगळ्यांकडे पाहिलं. मग त्यांना खरी काळजी लागली. "म्हणजे सासूबाईंना सोबत कोण? त्या एकट्या कशा जातील? माझ्याशिवाय रजा कुणाकडे शिल्लक आहे?"

"माझ्याकडे," बायको म्हणाली. "दोन महिने. मला कुणी विचारलंच नव्हतं."

तोवर जे सासूबाईंना डॉक्टरांच्या सहीनंही जमलं नव्हतं ते आता जमलं. त्यांनी स्टुलावर बसल्या बसल्या ओट्याला पाठ टेकली, पाय लांब केले आणि सुटलो बाबा म्हणतात तसा एक लांबलचक श्वास सोडला. तो अख्ख्या स्वयंपाकघरानं ऐकला, आणि जावईबापूंनी तर सगळ्यांत आधी.